640 फोटो, त्यातले तीन कामाचे: चंबळवरच्या पाणचिऱ्याचं एक प्रकरण

एप्रिलचा पहिला आठवडा, राजस्थानातल्या धौलपूरच्या खालच्या अंगाला चंबळ नदी, लागोपाठ दोन सकाळी. पहिल्या सकाळी मी 640 फोटो काढले, त्यातले ठेवण्यासारखे निघाले तीन. दुसऱ्या सकाळी 212 काढले, ठेवले अकरा. कॅमेरा तोच, लेन्स तीच, नाव तीच, नाव चालवणारे चाचाही तेच. मुख्य फरक एवढाच, की दुसऱ्या दिवशी आम्ही पाणचिऱ्यांच्या वस्तीपासून मुद्दाम कितीतरी लांब थांबलो होतो.

लांब गेल्यावर फोटो सुधारले हे ऐकायला विचित्र वाटतं. मलाही वाटलं. म्हणून घरी आल्यावर दोन्ही दिवसांचे सगळे फोटो एकेक करून पाहिले, बाद झालेला प्रत्येक फोटो कशामुळे बाद झाला ते वहीत लिहिलं आणि फोटोंवर उमटलेल्या वेळा एकमेकांशी जुळवल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी पक्ष्याबद्दल

पाणचिरा हा कुरव आणि सुरय यांच्या कुळातला पक्षी. लांबी साधारण 40 सेंटिमीटर, पंख पसरले की मीटरभराहून थोडा जास्त. पाठ आणि डोक्यावरची टोपी काळी, कपाळ, मान आणि पोट पांढरं, पाय लाल. चोच नारिंगी, टोकाशी पिवळसर, आणि सगळी धावपळ या चोचीसाठीच. तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा चांगला लांब असतो आणि दोन्ही बाजूंनी दाबून सुरीच्या पात्यासारखा चपटा केलेला. बाजूनं पाहिलं तर चोच केवढीतरी दिसते, समोरून पाहिलं तर जवळजवळ नाहीशीच होते. पाण्याला लगटून उडताना तो चोच उघडतो, खालचं पातं पाण्यात बुडवतो आणि नदी चिरत जातो. पात्याला मासा लागला की मान झटक्यात खाली वळते आणि वरची चोच मिटते. नाव पडलं ते यावरूनच. हे चालू असताना पंखांची टोकं पाण्याला लागून चालत नाही, म्हणून पंख अंगाच्या वरच्या बाजूलाच, आखूड झोक्यात हलत राहतात. फोटोत ही ढब आली तर तो पाणचिरा; नाहीतर नुसता उडणारा काळा-पांढरा पक्षी.

एकेकाळी सिंधूपासून थेट मेकाँगपर्यंतच्या मोठ्या नद्यांवर हा होता. आता उरला आहे तो मुख्यतः भारतात आणि बांगलादेशात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 2020 पासून तो आणखी वरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या वर्गात गेला आहे. राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत मिळून पसरलेलं राष्ट्रीय चंबळ अभयारण्य ही त्याच्या विणीची फार महत्त्वाची जागा. फेब्रुवारी ते जून हा विणीचा काळ. पाणी उतरलं की नदीच्या मधोमध वाळूची बेटं उघडी पडतात, पंढरपूरकर ज्याला वाळवंट म्हणतात तसली, आणि त्यांच्यावर ही वस्ती बसते. घरटं म्हणजे वाळूत पोटानं केलेला खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी डाग.

थोडक्यात, पक्षी एका जागी हमखास सापडण्याचे जे दिवस, त्याच दिवसांत त्याची अंडी उघड्यावर पडलेली असतात. हे मला जाण्याआधी ठाऊक होतं. वाचलेलं होतं, इतकंच.

पहिली सकाळ

सोबत माझा मावसभाऊ होता. तो व्हिडिओ काढणार, मी फोटो. अभयारण्याची परवानगी, नावेची नोंद वगैरे सोपस्कार उरकून आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. ही पहिली चूक, आणि ती शुद्ध आळसाची. आदल्या रात्रीच्या प्रवासाचं निमित्त होतंच.

वस्तीचं बेट चाचांनी लांबूनच दाखवलं. पन्नासेक पाणचिरे, त्यांच्यात मिसळलेले नदी सुरय, कडेला दोन टिटव्या. सगळ्या पाणचिऱ्यांची तोंडं वाऱ्याकडे. कितीतरी पक्षी वाळूत पोट टेकून बसलेले. ते अंड्यांवर बसलेत हे समजायला पक्षितज्ज्ञ असावं लागत नाही. मी तेव्हा मनाशी म्हटलं, "वा, बसलेत निवांत."

चाचांनी इंजिन बंद करून बांबूनं नाव पुढे रेटायला सुरुवात केली. शंभर मीटरांवर पहिले फोटो. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी अंगठ्याच्या नखाएवढे. भाऊ म्हणाला, "दादा, अजून थोडं पुढे घेऊ ना." मी चाचांकडे पाहिलं, चाचांनी बेटाकडे पाहिलं, आणि बांबू आणखी दोनदा रोवला. सत्तर मीटर. बसलेल्यांपैकी काहींनी माना वर केल्या. मला ते फोटोसाठी छान वाटलं, कारण मानेचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसायला लागला. पन्नास. तीन-चार पक्षी उभे राहिले, एकानं नाकातून काढल्यासारखा 'क्याप' असा आवाज केला. चाचा म्हणाले, "बस भैया, अब ये उठेंगे." मी म्हटलं, "बस थोडासा और, चाचा."

चाळीसच्या आसपास सगळे उठले.

पुढची सहा-सात मिनिटं मी बर्स्टवर, म्हणजे एकामागोमाग धडाधड फोटो निघतात त्या सोयीवर, बोट दाबून होतो. पक्षी डोक्यावरून, नावेच्या बाजूनं, एकमेकांना ओलांडत ओरडत फिरत होते. एक तर 28 मीटरांवरून गेला. त्या वेळी वाटलं, आयुष्यातले सर्वोत्तम फोटो मिळतायत. चाचांनी न विचारता नाव मागे घेतली. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण डोळा कॅमेऱ्याला होता.

640चा हिशेब

घरी मोठ्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला तेव्हा नशा उतरली. 230 फोटोंत पक्ष्याची पाठ किंवा शेपटी. पळणारा पक्षी दुसरं काय दाखवणार? 170 मध्ये पंख नाहीतर चोच चौकटीबाहेर. 140 मध्ये फोकस पक्ष्याऐवजी मागच्या वाळूवर किंवा पाण्याच्या चमकेवर. साठेक फोटो दिसायला ठीक, पण मोठे केले की जणू काचेवर तेल फासलंय. 37 किरकोळ कारणांनी गेले. उरले तीन. आणि 640 पैकी एकाही फोटोत पक्षी पाणी चिरत नव्हता.

चौकटीबाहेर गेलेल्या 170 फोटोंचं कोडं गणितानं सुटलं. माझी लेन्स 500 मिलिमीटरची, कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंदीचा. 28 मीटरांवर या जोडीला जेमतेम 1.3 मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. त्यात मीटरभर पंखांचा, दिशा बदलत उडणारा पक्षी हलत्या नावेतून बसवायचा. शिवाय एफ 6.3 ला, म्हणजे लेन्सचं तोंड मी उघडलं होतं तेवढ्याला, त्या अंतरावर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम 80 सेंटिमीटर. म्हणजे डोक्यावर फोकस बसला तरी लांबचा पंख धूसर व्हायची शक्यता दाट. हेच अंतर 45 मीटर केलं की चौकट दोन मीटरांच्या पुढे जाते आणि खोलीही सुमारे दोन मीटर होते. पक्षी अर्धी चौकट व्यापतो, पंखांना जागा उरते, फोकसला चुकायला वाव मिळतो. आजच्या सेन्सरांवर अर्धी चौकट भरपूर झाली. "जेवढं जवळ तेवढं चांगलं" हे बसलेल्या बगळ्याला ठीक असेल, उडत्या पाणचिऱ्याला ते लागू पडत नाही.

काचेवरच्या तेलाचं कारण तापलेली वाळू. एप्रिलमध्ये साडेआठलाच वाळूवरची हवा थरथरायला लागते. त्या थरातून पाहिलेला पक्षी कुठल्याही लेन्सनं शार्प येत नाही, मग ती कितीही महाग असो. फोकस चुकला म्हणून मी लेन्सला दोष देत बसलो होतो. चूक घड्याळाची होती.

फोटोंवरच्या वेळांनी मात्र मला खरोखर अस्वस्थ केलं. पहिला पक्षी उठला तो 8:41 ला. बेटावर पहिले पक्षी परत उतरलेले दिसतात 8:48 च्या फोटोत. मधल्या 8:44 च्या एका फोटोत, जो मी 'ठेवण्यासारखे' मध्ये टाकला होता, खालच्या डाव्या कोपऱ्यात वाळूवर एक कावळा उभा आहे. आधीच्या फोटोंत तो नाही. थवा सुंदर आला आहे त्या फोटोत, प्रकाशही छान. तो अजून कुणाला दाखवलेला नाही.

दुपार, काठावरून

हिशेब घरी आल्यावर केला, पण बेत बदलला तो त्याच दुपारी, आणि तो एका पाणचिऱ्यामुळे.

अकराच्या सुमारास आम्ही उंच काठावर, दरडीच्या सावलीत बसलो होतो. बेट तिथून बरंच लांब. दुर्बिणीतून सगळं दिसत होतं आणि आमची दखल कुणी घेत नव्हतं. एक पक्षी घरट्यावरून उठला, सरळ पाण्यावर गेला, पण चोच न घालता पोट टेकवून पुढे सरकला. पुन्हा एकदा टेकवलं. मग परत येऊन खळग्याशी उतरला आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. पोटाजवळची वाळू क्षणभर गडद झाली आणि लगेच पांढरी पडली. थोड्या वेळानं शेजारच्यानं तेच केलं. अंडी गार ठेवायला हे पक्षी पोट भिजवून आणतात हे वाचलेलं होतं. पण ती वाळू किती पटकन सुकली ते पाहिल्यावर सकाळच्या सात मिनिटांचा अर्थ कळला. सकाळी ते ज्यांच्यापासून उठून गेले होते ती ही अंडी.

भाऊही गप्प होता. मग म्हणाला, "दादा, आपण सकाळी जरा जास्तच केलं का रे?"

"जरा?" मी म्हटलं.

इथे कायद्याचं एक वाक्य सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपाशी थांबत नाही. पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही त्या व्याख्येत येतं. अभयारण्यात फोटोसाठी मिळणारी परवानगी ही घरट्यांपाशी जायची परवानगी नव्हे. सकाळी माझ्या खिशात होता तो कागद, आणि त्या जोरावरच मी "थोडासा और" म्हणत होतो.

संध्याकाळी चाचांशी बसून बोललो. आधी माफी मागितली. ते हसले, म्हणाले सगळे असंच करतात. मग मी विचारलं, हे पक्षी खातात कुठे? हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशी, नावेत पाय ठेवण्याआधी विचारायचा. चाचांनी काठीनं वाळूत नदी काढून दाखवली. बेटाच्या खालच्या टोकाला, प्रवाह दोन्हीकडून येऊन मिळतो तिथे, पाणी उथळ आणि संथ आहे; बारीक मासळी तिथे जमते; उजाडताना आणि दिवस मावळताना पक्षी तिथे येतात. "रात को भी चीरते हैं," ते म्हणाले. हे पुस्तकातही आहे: हा पक्षी मासा डोळ्यांनी हेरत नाही, चोचीला लागल्यावर पकडतो, त्यामुळे अंधार त्याला आडवा येत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बेट आणि डावा काठ यांच्यामधला पाण्याचा पट्टा आता घोट्याएवढाच उरला होता, आणि काठाच्या ओल्या मातीत कुत्र्यांच्या पावलांचे ठसे होते, बेटाकडे तोंड केलेले. वरच्या अंगाला धरणं आहेत. उन्हाळ्यात पाणी घटलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री-गुरं चालत जातात, धरणातून पाणी सोडलं की खालची घरटी बुडतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं चंबळकाठच्या गावकऱ्यांनाच या घरट्यांचे राखणदार केलं आहे. त्या कामासाठी संस्थेच्या परवीन शेख यांना निसर्ग संवर्धनासाठी दिला जाणारा 2025 चा व्हिटली पुरस्कार मिळाला. या सगळ्या संकटांत एका नावेचं संकट किती मोठं, असं कुणी म्हणेल. पण हंगामभर रोज सकाळी कुणीतरी "थोडासा और" म्हणत असेल तर?

दुसरी सकाळ

परवानगीची वेळ सुरू होताच आम्ही पाण्यात होतो. बेटाला मोठा वळसा घालून चाचांनी नाव खालच्या टोकाच्या उथळ पाण्याकडे आणली, बेटापासून 200 मीटरांवर बांबू रोवून बांधली आणि इंजिन थंड केलं. सूर्य पाठीशी येईल अशी जागा त्यांनीच निवडली. मी नावेच्या तळाशी बसलो, लेन्स काठावर, खाली वाळू भरलेली जुनी कापडी पिशवी. पाण्यापासून लेन्स हात-दीड हात उंच. पहिल्या दिवशी मी उभ्यानं फोटो काढत होतो, त्यामुळे मागे सगळीकडे वाळू येत होती. खाली बसल्यावर मागे लांबचं पाणी आलं, एकसारखं आणि शांत.

एक नियम आधीच ठरवला: बेटावरच्या पक्ष्यांनी माना वर केल्या तर आपण मागे जायचं, मीटर मोजायचे नाहीत. लक्ष ठेवायचं काम भावाकडे दिलं, कारण कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाच्या शब्दाला अशा वेळी किंमत नसते. दोन तासांत एकही मान वर झाली नाही.

पहिली अडचण फोकसची. माझ्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा शोधून फोकस करायची सोय आहे. बाकी पक्ष्यांवर ती जादूसारखी चालते. पाणचिऱ्याचा डोळा काळा आणि तो काळ्या टोपीत. कॅमेऱ्याला तो सापडेचना. चौकोन कधी चोचीच्या टोकाला, कधी पाण्यावरच्या चमकेला जाऊन चिकटायचा. पहिली वीसेक मिनिटं यातच गेली. शेवटी ती सोय बंद केली, फोकसचा मधला लहान गट निवडला आणि तो मानेच्या पांढऱ्या पट्ट्यावर धरला. काळ्या टोपीला लागून पांढरा पट्टा, म्हणजे कॅमेऱ्याला हवी असते तशी ठसठशीत कड. चोच त्याच्या पुढे वीतभर. दोन मीटरांच्या खोलीत ती आपोआप येते. लेन्सनं फोकस किती अंतरापर्यंत शोधायचा ते ठरवणारी कळही लांबच्या टप्प्यावर ठेवली, म्हणजे फोकस हुकला तरी जवळच्या पाण्यापर्यंत येऊन परत जाण्यात वेळ जात नाही.

पाणचिऱ्यांची बाहुली, जाता जाता सांगतो, मांजरासारखी उभ्या फटीची असते. पक्ष्यांमध्ये हे दुसरीकडे कुठे आढळलेलं नाही. पाण्यावरून परतणाऱ्या लखलखाटात तिचा उपयोग होत असावा. पण फोटोत ती दिसायची आशा धरू नये. "डोळा शार्प नाही तर फोटो नाही" असं आपण एकमेकांना सांगत असतो. या पक्ष्याच्या बाबतीत तो हट्ट मी सोडून दिला आहे. इथे फोटोचा जीव चोच पाण्यात शिरते त्या जागी असतो.

दुसरी अडचण प्रकाशाची. काळी पाठ, पांढरं कपाळ, आणि मागे कधी गडद पाणी तर कधी उजळ वाळू. कॅमेऱ्याच्या मापावर सोडलं तर गडद पाण्यापुढे तो फोटो उजळ करतो आणि कपाळ जळून पांढरा डाग होतो. वाळूपुढे उलट, पाठीचा काळा कोळसा होतो. पण पक्ष्यावर पडणारं ऊन तर एकच आहे, मागचं काहीही बदलो. म्हणून शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) तिन्ही हातानं बांधले. बांधायचे कशावरून? चाचांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या गमछ्यावरून. त्याच्यावर ऊन पडलं की एक फोटो काढायचा. गमछा पडद्यावर जळून लुकलुकायला लागला (जास्त उजळ झालेला भाग कॅमेरा असा दाखवतो) तर एक पायरी खाली यायचं. सूर्य वर येतो तसा दर दहा मिनिटांनी हा उद्योग. शटर 1/2000 सेकंद, एफ 6.3, सुरुवातीला आयएसओ 4000, तासाभरात 1000 वर आला. चाचांना आधी वाटलं मी त्यांचेच फोटो काढतोय, आणि प्रत्येक वेळी ते ताठ बसायचे.

साडेसहाच्या सुमारास दोन पक्षी आले. पहिल्याच फेरीला मी बटण दाबलं आणि पार हुकलो. पण तेव्हाच एक लक्षात आलं: पक्ष्यानं पाण्यावर लांब सरळ रेष ओढली, टोकाला जाऊन वर उठला, वळला आणि जवळजवळ त्याच रेषेवरून परत आला. पुढच्यानंही तेच केलं. मग मी पद्धत बदलली. पहिली फेरी नुसती पाहायची. रेष कुठून कुठे जाते ते मनात धरायचं, तिच्यावर आधीच फोकस आणून ठेवायचा आणि परतीच्या फेरीला लेन्स पक्ष्याबरोबर फिरवत चार-पाच फोटोंचा छोटा बर्स्ट. कधी कधी तो परतायचाच नाही. पण परतला की काम व्हायचं. त्या दिवशीचा सगळ्यात जवळचा फोटो 45 मीटरांवरचा, आणि ते अंतर पक्ष्यानं ठरवलेलं होतं.

अकरा फोटोंतल्या एकात पात्यापुढे पाण्याची एक पातळ चादर वर आली आहे, काचेसारखी, आणि तिच्यातून चोचीचा नारिंगी रंग दिसतो. दुसऱ्यात मान खाली वळलेली आहे, चोच मिटली आहे आणि बाहेर फक्त माशाची शेपटी. बाकी नऊ साधे, पण नीट. 7:40 ला वाळूवरची हवा हलायला लागली तसं आम्ही आवरलं. भाऊ म्हणाला, "दादा, आत्ताच तर यायला लागलेत." यायला लागले होते हे खरं. पण त्यापुढचे फोटो कसे येतील हे आदल्या दिवशी साठ वेळा पाहून झालं होतं.

अजून न जमलेलं

एक फोटो मनात होता तो दोन्ही दिवशी हुकला. शटर मंद ठेवायचं, 1/40 च्या आसपास, लेन्स पक्ष्याबरोबर फिरवायची, म्हणजे पाणी रेघारेघांचं होतं आणि डोकं तेवढं स्थिर राहतं. दुसऱ्या सकाळी असे 38 काढले, 38 वाया. कारण नाव. बांबूला बांधली तरी ती प्रवाहात हळूहळू डुलते. 1/2000 ला ते डुलणं कळत नाही, 1/40 ला सगळं बिघडवतं. याला पक्कं बूड हवं, म्हणजे काठ आणि तिपाई. विणीच्या दिवसांत त्या टोकाच्या काठावर उतरणं मला पटत नाही. समोरच घडियालांची, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरींची, ऊन खायची जागा आहे, तीही त्यांच्या अंड्यांच्याच दिवसांत. हा फोटो हिवाळ्यातला. तेव्हा वाळूत अंडी नसतात, ऊन मवाळ असतं. शिवाय चंबळवरच जायला हवं असंही नाही. हिवाळ्यात हे पक्षी जामनगरच्या किनाऱ्यावर आणि गोदावरीच्या मुखाशी काकीनाड्याकडेही दिसतात. भरती-ओहोटीची वेळ पाहून बसावं लागेल, तेवढं शिकून घ्यायचं आहे. डिसेंबरची रजा टाकली आहे. भावानं तिपाई आपण आणतो म्हणून सांगितलंय. त्याच्या तिपाईचा एक पाय घसरतो, तो आधी दुरुस्त करायला सांगितलाय.